चिठ्ठी पाठवल्याबद्दल आभार

जितूकाकाचा आवाज काढायचा तर घसा खाकरून भागत नाही, आधी गप्प बसावं लागतं. चांगलं अर्धं मिनिट. कारण जितेश ठोंबरे हा माणूस हातात माइक नसताना बोलायचाच नाही. आमचं घर आणि त्याचं घर यांच्यामध्ये एक शेवग्याचं झाड आहे, बस. तरी माझ्या उभ्या सोळा वर्षांत तो माझ्याशी जे काही बोलला ते मी आत्ता पाठ म्हणून दाखवते. "जेवलीस?" "आई हाय का घरात?" "लाइट तुमची पन गेली?" संपलं. खोपोलीच्या बाजूला एका कंपनीत तो पॅकिंगला आहे. भरलेला डबा घेऊन जायचा, रिकामा डबा घेऊन यायचा. त्याची बायको छायाकाकू म्हणायची, "आमच्या घरात माझ्या खालोखाल कुकर बोलतो."

पण भात कापून झालं, खाचरं मोकळी झाली, की रविवारी त्याच माणसाच्या हातात माइक यायचा. टेनिस बॉलच्या मॅची. आमच्या चिंचोशीचं ग्राउंड म्हणजे चार खाचरांचे बांध फोडून केलेली सपाटी, आणि एका अंगाची बाउंड्री म्हणजे भिवाजीआजोबांचं वालाचं शेत.

"गोलंदाज निघालाय... आलाय... टाकलाय... आणि मारलाऽऽय! अरे काय मारलाय, काय मारलाय! चेंडू गेला, गेला, गेला... थेट भिवाजीच्या वालात! सहा धावा, आणि भिवाजीआजोबांच्या दोन शेंगा!"

मग वालातून भिवाजीआजोबांची एक सणसणीत शिवी यायची, ती माइकवर पकडली जायची आणि अख्खं ग्राउंड लोळायचं.

ग्राउंडवरचा निरोप असा तोंडी यायचा नाही, चिठ्ठीवर यायचा. कोणाची गाडी आडवी लागलीय, कोणाच्या पोरीचं पैंजण सापडलंय, कोणी षटकाराला बक्षीस लावलंय. चिठ्ठी हातात पडली की जितूकाका आधी वाचायचा आणि मग समजून घ्यायचा. आणि शेवटी, न चुकता, पाठवणाऱ्याचं नाव. एकदा छायाकाकूनं चिठ्ठी पाठवली, तर हा त्याच सुरात, "महत्त्वाची सूचना! घरी येताना कोथिंबीर आणि गॅसचा लायटर आणावा, विसरल्यास भात गार मिळेल! चिठ्ठी पाठवल्याबद्दल सौभाग्यवती छायाताई ठोंबरे यांचे मनःपूर्वक आभार! पुढचा चेंडू!"

त्या दिवशी छायाकाकू बांधावरून तोंडाला पदर लावून पळाली होती. ही सवय लक्षात ठेवा.

माइक जितूकाकाचा नव्हता. माइक, भोंगे, मोठे बॉक्स, वायरी, सगळं हनीफचाचाचं. हनीफ लोगडे. ओढ्यापलीकडे बारा घरांचा मोहल्ला आहे, तिथले. आमच्या गावातली हळद असो, बारसं असो, गणपती असो, आवाज लोगडेंचाच. मॅचला हनीफचाचा जितूकाकाच्या शेजारी खुर्ची टाकून बसायचे आणि उजव्या हाताचं पहिलं बोट मिक्सरच्या बटनावर. ते बटन वर सरकवलं की आवाज, खाली ओढलं की मुकाट. मॅच अर्ध्यावर आली की जितूकाकाचं डोकं तापायचं.

"हा अंपायर म्हणजे निव्वळ..."

बोट खाली. ग्राउंडला फक्त जितूकाकाचे ओठ हलताना दिसायचे. हनीफचाचा शांतपणे ऐकून घ्यायचे, मग बोट वर.

"...गुणी माणूस! पुढचा चेंडू!"

"पानी पी रं जितू," हनीफचाचा म्हणायचे. "घसा नाय, तुझा मेंदू कोरडा पडलाय."

पंधरा वर्षं हे असं चाललं. तोंड याचं, बोट त्यांचं, मिळून एक माणूस.

दोन वर्षांपूर्वीच्या फेब्रुवारीत, सेमीफायनलच्या रविवारी, पाच वाजायच्या सुमारास हनीफचाचा खुर्चीवरून उठले. "नमाज पढून येतो. आवाज जिथं हाय तिथं ऱ्हाऊ दे, हात लावू नको." ते ओढा उतरून गेले. मी बाउंड्रीवर बर्फाचा गोळा चोखत होते, काला खट्टा. गजाशेठचा ड्रायव्हर आला आणि त्यानं टेबलावर चिठ्ठी ठेवली.

गजाशेठ म्हणजे गजाननशेठ. प्लॉटिंगचा धंदा, पांढरी स्कॉर्पिओ, आणि त्या साली पंचायत समितीला उभा राहणार होता. लोगडेंचं गोडाऊन माळावर होतं, त्याच्या तिन्ही अंगांना गजाशेठच्या प्लॉटचे रंगवलेले दगड लागले होते.

जितूकाकानं चिठ्ठी उघडली आणि वाचली. तशीच. षटकाराच्या सुरात.

"महत्त्वाची सूचना! आत्ताच आलेल्या बातमीनुसार कुंभिवलीच्या नाक्यावर आपल्या गावच्या दोन पोरांना त्या लोकांनी मारलेलं आहे! एकाचा जीव गेलेला आहे! सर्वांनी ताबडतोब माळावरच्या गोडाऊनपाशी जमा व्हावं! चिठ्ठी पाठवल्याबद्दल गजाननशेठ यांचे मनःपूर्वक आभार! पुढचा चेंडू!"

'जीव गेलेला' मधला 'गेलेला' त्यानं तसाच वर नेला, जसा वालात जाणारा चेंडू न्यायचा. मला हसू आलं. खोटं कशाला सांगू, मला आधी हसूच आलं.

"गोलंदाज निघालाय..." जितूकाका म्हणाला. आणि निघालाच होता, पण स्टंपांकडे नाही. त्याच्यामागून फिल्डर निघाले. कोणीतरी जाता जाता स्टंप उपटले. बसलेली माणसं उठली. जितूकाकाच्या तोंडातून माइकवर अजून एकदा "गोलंदाज..." एवढंच आलं, आणि मग भोंग्यातून फक्त त्याचा श्वास ऐकू आला. वाचून झालेलं तेव्हा त्याच्या डोक्यात पोचलं होतं. ग्राउंडवर मी, गोळेवाला आणि वालात उभे राहिलेले भिवाजीआजोबा.

"जितूऽऽ," आजोबा वालातून ओरडले, "काय वाचलंस रं मेल्या!"

गोडाऊनमध्ये त्या वेळी हनीफचाचांचा धाकटा भाऊ शौकत एकटा होता. मांडवाची कापडं घड्या घालून ठेवत होता. कापडं जळाली, बॉक्स जळाले. मांडवाचे बांबू जळले नाहीत, ते लोकांच्या हातात होते. शौकत पनवेलच्या दवाखान्यात नवव्या दिवशी गेला.

आणि ती दोन पोरं? त्यांच्या बाइकला कुंभिवलीला टेंपो घासून गेला होता. एकाचा गुडघा खरचटला. टेंपोवाल्यानंच त्यांना उसाचा रस पाजला. सात वाजता दोघं घरी आले आणि माळावरचा धूर बघून त्यांनीच विचारलं, "काय झालं रं?"

मग पोलीस आले. प्रत्येकाला विचारलं, कुठं होतास? आमच्या गावातल्या प्रत्येक बाप्याचा आवाज मला काढता येतो. खर्जातले, नाकातले, तंबाखूवाले, सगळे. त्या आठवड्यात सगळ्या आवाजांत एकच वाक्य होतं.

"सायेब, मी तवा लघवीला गेलतो."

ग्राउंडवर चारशे माणसं होती. पोलिसांच्या कागदावर चारशे माणसं लघवीला गेली होती.

अकरा पोरांना धरून नेलं, पुढं सगळी जामिनावर सुटून आली. मॅच मोबाइलवर लाइव्ह चालू होती, ती त्याच संध्याकाळी पुसली गेली. उरली एक क्लिप, कोणाच्या तरी फोनवरची, चौदा सेकंदांची. 'महत्त्वाची सूचना' पासून 'जमा व्हावं' पर्यंत. पुढचं कापलेलं. आभार गायब. क्लिप ऐकणाऱ्याला वाटावं, ही सूचना त्या आवाजाच्या मालकानं स्वतःच रचली.

हनीफचाचांनी जबाबात गजाशेठचं नाव सांगितलं होतं. ऐकलं म्हणून सांगितलं. पण ओढ्याच्या अलीकडच्या एकानंही त्याला दुजोरा दिला नाही. जितूकाका पोलिसांना म्हणाला, "आठवत नाय." दोनच शब्द. मग ते पण थांबले.

त्यानंतर त्याचं "जेवलीस?" बंद झालं. अंगणात स्कूटरचा आवाज आला की तो मोरीत जाऊन नळ सोडून ठेवायचा. फोन वाजला की आधी पंखा बंद करायचा, जसा काही पंखाच बोलणार आहे. मॅची पुढच्या वर्षी परत सुरू झाल्या, दुसरा माइकवाला आणला. रविवारी लांबून आवाज यायला लागला की जितूकाका दारं-खिडक्या लावून टीव्ही मोठा करायचा. हनीफचाचा शेलूला बहिणीकडे राहायला गेले. मी जितूकाकाचा आवाज काढायचं सोडलं. कोणी "काढ" म्हणायचंच नाही.

यंदा दिवाळीनंतर पोलीस ठाण्यात नवीन फौजदार मॅडम आल्या. त्यांनी जुना कागद उघडला आणि जितूकाकाला नोटीस आली, आवाजाचा नमुना द्यायला या.

नोटीस सकाळी आली. दुपारी पांढरी स्कॉर्पिओ आली. मी नेमकी वालाचं बिरडं द्यायला गेले होते, वाडगा हातात घेऊन दारातच अडकले.

गजाशेठ बोलायला फार गोड माणूस. प्रत्येक वाक्याच्या शेवटी "बरोबर ना?" म्हणतो आणि समोरचा "बरोबर" म्हणेपर्यंत थांबतो.

"जितू, घाबरायचं नाय. आपन हाय. बरोबर ना?"

"बरोबर," छायाकाकू म्हणाली. जितूकाका जमिनीकडे बघत होता.

"त्या क्लिपमदला आवाज तुझा नाय. एवढंच बोलायचं. नमुना घेऊ दे त्यांना, तू घरी बोलतोस तसा खाली बोल. क्लिप पन्नास फोन फिरून आलीय, पार फाटलीय. वकील बोलले, तो कोनाचा पन आवाज असू शकतो. आवाज तुझा नाय म्हटल्यावर चिठ्ठी नाय, आनि चिठ्ठी नाय म्हटल्यावर पाठवनारा पन नाय. तू सुटलास. बरोबर ना?"

छायाकाकूनं जितूकाकाकडे बघितलं. "बरोबर," ती म्हणाली, पण या वेळी हळू.

"आनि गावात तुझा आवाज काढनारी लोकं हायतच की. ही काय, ही. भाविका ना गं तू? जितूचा आवाज लय भारी काढते म्हनं. काढ बघू. तीच सूचना काढ, आमाला ऐकू दे."

मला लाज वाटते लिहायला, पण मी फुलले. दोन वर्षांनी कोणीतरी "काढ" म्हणालं होतं. मी वाडगा खाली ठेवला. अर्धं मिनिट गप्प बसले. जितूकाकानं मान वर केली आणि 'नको' असं हलवली, ते मी बघितलं, आणि तरी सुरू झाले. महत्त्वाची सूचना. कुंभिवलीचा नाका. दोन पोरं. 'गेलेला' वर नेला. जमा व्हावं. आणि तिथं थांबायचं असतं हे माझ्या जिभेला कोणी सांगितलंच नव्हतं. जितूकाकाचा सूर तिथं थांबतच नाही.

"...चिठ्ठी पाठवल्याबद्दल गजाननशेठ यांचे मनःपूर्वक आभार! पुढचा चेंडू!"

घरात पंख्याचा आवाज तेवढा राहिला. कट, कट, कट.

गजाशेठ हसला. उठून माझ्यापाशी आला. माझ्या कानातला डूल दोन बोटांत धरून जरासा हलवला, लहान पोरीचा बघतात तसा.

"कान चांगला हाय गं तुझा. जप हां कानाला. बरोबर ना?"

"बरोबर," मी म्हणाले. तो कोणाचाच आवाज नव्हता. भांड्यातून यावा तसा आला.

गाडी गेल्यावर मी भिंतीला टेकून खाली बसले. मग जितूकाका बोलला. हातात माइक नसताना मी त्याला एवढं बोलताना पहिल्यांदा ऐकलं.

"आवाज माजा नाय म्हटलं तर कोनाचा, ते विचारतीलच ना कोनीतरी. मग ते हिच्याकडं बोट दाखवतील. हिला कोर्टात उभी करतील आनि काढायला लावतील. हिनं नाय काढला तो. मी काढला."

"आनि तुमचा म्हटलंत तर?" छायाकाकूचा आवाज चिरकला. "शौकतचा खून हाय तो! तुमाला आत टाकतील आनि हा शेठ बाहेर ऱ्हाऊन आपलं घर बघील. तुमी नुसतं वाचलंत. वाचनाऱ्याचा काय गुन्हा?"

"चारशे मानसं गेली माज्या आवाजानं. चिठ्ठी कोनी बघितली नाय छाया. आवाज ऐकला."

दुसऱ्या दिवशी त्यानं कंपनीत सुट्टी टाकली आणि फौजदार मॅडमकडे गेला. छायाकाकू बरोबर होती, तिनं येऊन सांगितलं ते असं. मॅडम म्हणाल्या, "जबाब मॅजिस्ट्रेटसमोर द्या, म्हणजे पुढं कोणी फिरवायला सांगितला तरी फिरणार नाही. पण आधीच सांगते, हा जबाब तुमच्यावरही उलटू शकतो. साक्षीदार राहाल का आरोपी व्हाल, हे माझ्या हातात नाही." जितूकाका म्हणाला, "तारीख द्या." मंगळवारची मिळाली, खालापूरला. मध्ये पाच दिवस.

त्या पाच दिवसांत कोणी त्याला काही बोललं नाही. दगड नाही, शिवी नाही. फक्त रोज सकाळी त्याच्या ग्रिलच्या दारात एक घडी घातलेली चिठ्ठी खोचलेली असायची. पहिल्या दिवशी छायाकाकूनं उघडली. कोरी. दुसऱ्या दिवशी कोरी. तिसऱ्या दिवशी ती उघडू देईना, चुलीत घालायला निघाली, तर जितूकाकानं तिच्या हातातून ओढून घेतली. न वाचता चिठ्ठी टाकणं त्याला जमतच नाही. कोरी. चौथ्या, पाचव्या दिवशीही कोरी. मी शेवग्याखालून बघत होते. कोरा कागद तो दोन्ही बाजूंनी वाचायचा, उजेडाला धरून वाचायचा, आणि त्याचे ओठ हलायचे.

आई मला म्हणाली, "तू त्या घरी जायचं नाय आता. आपन त्यातले नाय."

"आई, मी त्यातलीच हाय," मी म्हणाले. डुलाचं तिला सांगितलं. माझे डूल तिनं स्वतःच्या हातांनी काढून डब्यात ठेवले. आणि मंगळवारी छायाकाकूच्या सोबतीला मला जाऊ दिलं.

मंगळवारच्या चिठ्ठीत दोन शब्द होते. 'पुढचा चेंडू.'

कोर्टाच्या व्हरांड्यात बाकावर हनीफचाचा बसले होते. कसल्या तरी कागदांच्या नकला घ्यायला आले होते, मांडीवर पिशवी. दोन वर्षांत दाढी पूर्ण पांढरी. जितूकाका त्यांना बघून जागेवर थांबला.

"चाचा..."

हनीफचाचांनी त्याच्याकडे बघितलं नाही, समोरच्या भिंतीकडे बघूनच बोलले. "मशिदीत नळावर होतो. वजू करत. तुझा आवाज आला, माज्याच भोंग्यातून. आभारापरेंत सगळं ऐकलं. शौकतला फोन लावाया गेलो. बोट ओलं होतं. फोनला ओलं बोट लागत नाय. सदऱ्याला पुसलं, परत लावलं. परत ओलंच."

तेवढ्यात शिपायानं जितूकाकाचं नाव पुकारलं.

दार बंद झालं. आत आम्हाला जायला परवानगी नव्हती. आतून मॅजिस्ट्रेटसाहेबांचा आवाज पुसट यायचा आणि जितूकाकाचा तर नाहीच. मध्येच "मोठ्यानं बोला." परत जरा वेळानं, "अहो, मोठ्यानं बोला, टाइप करणाऱ्याला ऐकू येत नाही." छायाकाकू माझा दंड धरून उभी होती, तिची नखं रुतत होती. व्हरांड्याच्या टोकाला गजाशेठचा ड्रायव्हर भिंतीला टेकून मोबाइल बघत होता. त्याचा अंगठा हलत नव्हता.

मग आतून स्पष्ट आलं, "त्या दिवशी जसं बोललात, अगदी तसंच सांगा."

शांतता. मी मनात मोजायला लागले. पंधरा. वीस. मला वाटलं, संपलं, हा आता "आठवत नाय" म्हणणार. पंचवीस. तीस.

"महत्त्वाची सूचना!"

व्हरांड्यातले वकील चालता चालता थांबले. चहावाल्यानं किटली खाली ठेवली. दोन वर्षं दाराआड कोंडून ठेवलेला आवाज होता तो, बंद दाराला न जुमानता बाहेर आला. कुंभिवलीचा नाका आला. दोन पोरं आली. 'गेलेला' तसाच वर गेला, पण वर जाऊन फुटला. छायाकाकूनं डोळे मिटले. मी हनीफचाचांकडे बघितलं. त्यांचं उजव्या हाताचं पहिलं बोट गुडघ्यावर होतं, उभं, ताठ. मला वाटलं, आता ते खाली ओढतील.

"...चिठ्ठी पाठवल्याबद्दल गजाननशेठ यांचे मनःपूर्वक आभार!"

बोट तिथंच राहिलं.

"पुढचा चेंडू" तो म्हणाला की नाही, मला ऐकू आलं नाही. माझा कान चांगला आहे तरी.

ड्रायव्हर मोबाइल कानाला लावून बाहेर गेला होता.

जितूकाका बाहेर आला तेव्हा त्याचा शर्ट पाठीला चिकटला होता. हनीफचाचा उठले, पिशवी खांद्याला अडकवली. मी वाट बघत होते की ते "पानी पी रं" म्हणतील. नाही म्हणाले. जिना उतरून निघून गेले.

बाहेर स्कूटरची चावी जितूकाकाला लावता येईना. छायाकाकूनं चावी घेतली, "बसा मागं," म्हणाली, आणि आम्ही तिघं एका स्कूटरवर निघालो. मी सगळ्यात मागं. मागून येणारी प्रत्येक गाडी मी ऐकत होते. हा टेंपो. ही एसटी. ही बाइक, सायलेन्सर फुटलेली. आणि एक, जी पुढं जात नव्हती आणि मागंही पडत नव्हती.

घरी आल्यावर छायाकाकूनं ग्रिल लावलं, मग दार, मग कडी, मग साखळी. बाहेर अजून लख्ख ऊन होतं. आईनं शेवग्यापलीकडून हाक मारली, "भाविका, आलीस का गं?" मी "आले" म्हणाले, पण उठले नाही. जितूकाका पलंगाच्या कडेवर बसला होता. पंखा त्यानं बंद केला. रस्त्यावरून जाड टायरांचा आवाज आला, खडी चुरडत.

"भाविका," तो हळू म्हणाला, "तुजा कान चांगला हाय. ऐक. गेली का थांबली?"

छायाकाकू माझ्याकडे बघून मान हलवत होती. गेली म्हण, गेली म्हण. मी ऐकलं. इंजिन एकदा गुरगुरलं आणि बंद झालं. गाडीचं दार उघडलं, पण परत लागलं नाही.

"थांबलीय, काका," मी म्हणाले.

त्यानं मान डोलावली. "नंबर माज्या फोनमदी हाय," तो छायाकाकूला म्हणाला. "मॅडमला लाव."